खोटी गाडी, नवी आवृत्ती

रिअल-टाइम सिम्युलेशन म्हणजे यंत्राच्या नियंत्रकाला पद्धतशीरपणे, वेळच्या वेळी आणि पुराव्यानिशी फसवणे. मोटारीच्या इंजिनावर देखरेख ठेवणारा छोटा संगणक, ज्याला या धंद्यात ईसीयू म्हणतात, टेबलावर ठेवला जातो. त्याच्या कनेक्टरच्या पिनांना वायरी जोडल्या जातात. वायरींच्या दुसऱ्या टोकाला गाडी नसते, गाडीचे गणित असते. ईसीयूने इंधन सोडण्याचा हुकूम दिला की गणितातले इंजिन जोर धरते, गणितातले चाक फिरते आणि त्या चाकाचा वेग खऱ्याखुऱ्या व्होल्टेजच्या रूपाने ईसीयूकडे परत येतो. या मांडणीला हार्डवेअर-इन-द-लूप असे भारदस्त नाव आहे. हिंजवडीपासून चाकणपर्यंत तिला नुसते ‘हिल’ म्हणतात. हिल बेंचवर बसलेला इंजिनिअर ताशी १२० किलोमीटरने गाडी हाकत असतो आणि त्याच वेळी डबाही खात असतो. चाचणीच्या ट्रॅकवर या दोहोंपैकी एकच करता येते.

ईसीयू जात्याच संशयी असतो. क्रँकशाफ्टवरच्या चाकाला बहुधा साठ दातांची जागा ठेवून त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या खिंडीवरून इंजिन कोणत्या कोनात आहे ते ईसीयू ओळखतो. सिम्युलेटरला हे नसलेले चाक, त्याचे नसलेले दात आणि त्यांतले मुद्दाम नसलेले दोन दात, असा सगळा संसार विजेच्या लहरीत उभा करावा लागतो. मिनिटाला ६००० फेरे असतील तर एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो आणि एक अंश सरकायला जेमतेम २८ मायक्रोसेकंद मिळतात. शिवाय गाडीत ईसीयू एकटा नसतो. ब्रेक, गिअरबॉक्स, एअरबॅग, डॅशबोर्ड यांचे संगणक कॅन बस नावाच्या सामायिक वायरींवरून अखंड बोलत असतात, आणि महत्त्वाच्या निरोपांत क्रमांक वाढत जातो, शेवटी पडताळणीचा आकडा असतो. एखाद्याचा आवाज थोडा वेळ आला नाही की ईसीयू चूक नोंदवतो, दिवा लावतो आणि गाडीला लंगडत घरी पाठवण्याच्या तयारीला लागतो. म्हणून या सर्व गैरहजर मंडळींची सोंगे सिम्युलेटर एकट्याने वठवतो. हा एकपात्री प्रयोगच. फरक इतकाच, की संवाद चुकल्यास इथला प्रेक्षक खुर्ची सोडून जात नाही, इंजिन बंद करतो.

रिअल-टाइम म्हणजे वेगवान, असा एक लोकप्रिय गैरसमज आहे. वेगवान संगणक काम लवकर संपवतो. रिअल-टाइम संगणक ते ठरल्या वेळी संपवतो आणि पुढच्या वेळेपर्यंत गप्प बसतो. हा गुण माणसांत दुर्मीळ असल्यामुळे त्याचे महत्त्व पटकन लक्षात येत नाही. साधे सिम्युलेशन अवघड जागी रेंगाळते, सोप्या जागी पळते आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. इथे मात्र पाऊल ठरलेले असते. गाडीच्या हालचालींना साधारण एक मिलिसेकंद पुरतो. वीजजाळ्यांच्या सिम्युलेटरांत ५० मायक्रोसेकंदांच्या आसपासचे पाऊल टाकतात. इन्व्हर्टरमधल्या झपाट्याने उघडझाप करणाऱ्या स्विचांसाठी तर मायक्रोसेकंदाचेही तुकडे करावे लागतात आणि ते काम एफपीजीए नावाच्या चिपवर सोपवावे लागते. एका पावलाचे गणित त्या पावलात पुरे झाले नाही तर त्याला ओव्हररन म्हणतात. एक मिलिसेकंदाच्या कामाला १.१ मिलिसेकंद लागले की बेंच थांबतो आणि पडद्यावर लाल अक्षरे येतात. ज्या कार्यालयात हे घडते तिथे प्रकल्प चार महिने मागे पडलेला असतो, आणि त्याला ‘सुधारित वेळापत्रक’ म्हणतात.

या शास्त्राच्या मुळाशीच एक मूळ हेतू हरवल्याची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाला वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी आणि नव्या विमानांच्या अभ्यासासाठी सिम्युलेटर हवा होता. एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या हाताखाली काम सुरू झाले. विमानाचे गणित वैमानिकाच्या हाताबरोबर चालायचे तर तितका चपळ संगणक हवा, आणि असा संगणक अस्तित्वात नव्हता; म्हणून आधी संगणक करायचे ठरले. तो ‘व्हर्लविंड’ १९५१मध्ये कामाला लागला. तोवर कॉकपिट बाजूला पडले होते, विमान विस्मरणात गेले होते आणि संगणक हवाई संरक्षणाच्या कामाला लागला होता. मागितली एक वस्तू आणि मिळाली भलतीच, पण उत्तम दर्जाची, ही या क्षेत्राची परंपरा तिथून पुढे अखंड चालू आहे.

एवढे नाजूक खोटे एकदा जमून आले की ते कोणी हलवू नये, असे कोणालाही वाटेल. सॉफ्टवेअर कंपन्यांना तसे वाटत नाही. गाडीचे हे गणित, म्हणजे मॉडेल, बहुधा ज्यांत मांडतात त्या मॅटलॅब आणि सिम्युलिंक यांच्या आवृत्त्या २००६पासून वर्षाला दोन निघतात: पहिल्या सहामाहीत ‘ए’, दुसऱ्या सहामाहीत ‘बी’. प्रत्येक आवृत्तीबरोबर रिलीज नोट्स येतात आणि हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नाही. त्याचा पूर्वार्ध नव्या सुविधांचा. तिथली वाक्ये थेट वाचकाशी बोलतात: आता तुम्हाला हे करता येईल, आता तुम्हाला तेही करता येईल. उत्तरार्ध कम्पॅटिबिलिटीचा. तिथे कर्ता अचानक नाहीसा होतो आणि भाषा सरकारी परिपत्रकाची होते: अमुक ब्लॉक काढून टाकण्यात आला आहे, तमुक फंक्शनचे वर्तन बदलण्यात आले आहे. कोणी काढले, का काढले, विचारायची सोय नाही. पूर्वार्ध खरेदी करणारे साहेब वाचतात. उत्तरार्ध बेंचवरचा इंजिनिअर वाचतो, तोही बेंच बंद पडल्यावर.

या दोन टोकांच्या मधे एक अवस्था असते: ‘भविष्यातील एखाद्या आवृत्तीत काढून टाकले जाईल’. ही सूचना नारिंगी अक्षरांत येते. ती पहिल्या दिवशी सगळे वाचतात, महिनाभराने कोणी वाचत नाही, आणि वर्षभराने ती दिसली नाही तर काहीतरी बिघडले असावे अशी शंका येते. मॉडेल बिल्ड होताना असा नारिंगी मजकूर पानेच्या पाने वर सरकत जातो आणि शेवटी ‘बिल्ड यशस्वी’ आले की सर्व क्षम्य ठरते. मग एका सप्टेंबरात तोच मजकूर लाल रंगात येतो. त्यावर इंजिनिअर ‘हे अचानक कसे झाले?’ असे विचारतात.

काही बदल निरुपद्रवी असतात; निदान कंपनीला तसे वाटते. २०१९च्या ‘बी’ आवृत्तीत सिम्युलिंकचे जुने मेनू जाऊन त्या जागी रुंद पट्टी आली. गणितात फरक पडला नाही, फक्त बोटांना वर्षानुवर्षे पाठ असलेल्या जागा रिकाम्या झाल्या. २०१२मध्ये मॉडेलची फाइल ‘एमडीएल’ऐवजी ‘एसएलएक्स’ झाली. जुनी फाइल साध्या मजकुराची होती. अडल्या वेळी ती नोटपॅडमध्ये उघडून, देवाचे नाव घेऊन, एखादी ओळ हाताने बदलता येई. नवी फाइल आकसून बांधलेली असते. ती लहान झाली हा फायदा नोट्समध्ये आहे. देवाचे नाव घेण्याची सोय गेली, त्याचा उल्लेख नाही.

खरी गंमत उलट्या प्रवासात आहे. जर्मनीतली गाडी बनवणारी कंपनी एका आवृत्तीवर असते आणि पुण्यातला पुरवठादार दुसऱ्या. नवे मॉडेल जुन्यात उघडत नाही, म्हणून ते मागच्या आवृत्तीत निर्यात करावे लागते. सिम्युलिंक ही सोय सात वर्षे मागेपर्यंत देते, हे खरोखर उदार आहे. पण जे ब्लॉक तेव्हा जन्मालाच आले नव्हते त्यांचे काय करायचे? त्यांच्या जागी पिवळ्या रंगाचे रिकामे चौकोन ठेवले जातात. चौकोनाला आत येणाऱ्या तारा असतात, बाहेर जाणाऱ्या तारा असतात, आत काहीही नसते. मॉडेल उघडते, दिसायला पूर्ण दिसते, आणि त्याची उत्तरे चुकीची असू शकतात असा इशाराही सोबत मिळतो. पुरवठादार कळवतो की आपल्या मॉडेलमध्ये काही पिवळे चौकोन आहेत. उत्तर येते की आमच्याकडे सर्व ठीक दिसते. दोघेही खरे बोलत असतात. हा पत्रव्यवहार आठवडाभर चालतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना पाठवलेला स्क्रीनशॉट आपल्या आवृत्तीच्या नजरेने पाहतात.

बदल किती खोलवर जाऊ शकतो, याचा नमुना म्हणून एक्सपीसी टार्गेटकडे पाहावे. गेल्या शतकाच्या अखेरीस आलेल्या या उत्पादनाची कल्पना फार लोभस होती. अडगळीतला साधा पीसी घ्यावा, विशिष्ट फ्लॉपी घालून तो सुरू करावा, आणि विंडोज जागीच राहून पीसी रिअल-टाइम यंत्र होऊन बसावा. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत, जिथे अडगळ भरपूर आणि पैसा बेताचा, ही कल्पना विशेष रुजली. २०१४च्या ‘ए’ आवृत्तीत तिचे नाव सिम्युलिंक रिअल-टाइम झाले. लोकांनी नाव स्वीकारले आणि एक्सपीसी म्हणणे चालू ठेवले. मग २०२०ची ‘बी’ आवृत्ती आली. आतला खास कर्नल गेला, त्या जागी क्यूएनएक्स न्यूट्रिनो ही भक्कम, नावाजलेली ऑपरेटिंग सिस्टिम आली. अडगळीतला पीसी गेला. यापुढे स्पीडगोट या स्विस कंपनीचे यंत्र हवे. कंपायलर बदलला. टार्गेटला, म्हणजे रिअल-टाइम यंत्राला, जोडलेल्या मॉनिटरवर उमटणारे जुने स्कोप गेले. सिग्नल आता डेटा इन्स्पेक्टरमध्ये पाहावेत. ज्यांनी एखाद्या दुर्मीळ कार्डासाठी स्वतःच्या हाताने सी भाषेत ड्रायव्हर लिहिले होते, त्यांना ते पुन्हा लिहावे लागणार होते, आणि लिहिणारा बहुधा नोकरी सोडून गेला होता.

तांत्रिकदृष्ट्या हा बदल योग्यच होता, हे मान्य करायला हवे. घरचा कर्नल ३२ बिटांचा, नव्या प्रोसेसरांना अपुरा. तो आणखी किती ओढायचा? कंपन्या हौस म्हणून जुने मोडत नाहीत. त्यांच्या पायाखालचे कंपायलर, प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमही कोणीतरी मोडत असतेच. तक्रार असलीच तर एवढीच, की नोट्समध्ये या सगळ्याचा सूर अभिनंदनाचा होता.

वेगवेगळ्या कंपन्यांची मॉडेले एकत्र नांदावीत म्हणून युरोपातल्या मोटारउद्योगाच्या पुढाकाराने फंक्शनल मॉक-अप इंटरफेस, म्हणजे एफएमआय, हे प्रमाण तयार झाले. पहिली आवृत्ती २०१०ची. कोणत्याही साधनात केलेले मॉडेल एका झिप फाइलीत बांधायचे, आत एक्सएमएलमध्ये ओळखपत्र ठेवायचे, आणि ते कोणत्याही साधनात चालायचे: कल्पना निर्दोष. २०१४मध्ये दुसरी आवृत्ती आली, २०२२मध्ये तिसरी, आणि तिन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्यातही मॉडेल एक्स्चेंज आणि को-सिम्युलेशन हे वेगळे प्रकार. पहिल्यात गणित सोडवणारा यजमानाने पुरवायचा, दुसऱ्यात पाहुणा तो सोबत आणतो. यातले सर्व जुळले तरी एक खाच उरतेच. झिप उघडली की आत बहुधा विंडोजची डीएलएल निघते आणि रिअल-टाइम यंत्रावर लिनक्स किंवा क्यूएनएक्स असते. सोर्स कोड मागावा, तर तो गोपनीय असतो. गोपनीयता राखता यावी हाच झिपमध्ये बांधण्याचा एक हेतू होता. तेव्हा कोणत्याही साधनात चालणारे मॉडेल टेबलावरच्या लॅपटॉपवर उत्तम चालते, आणि तीन फुटांवरच्या बेंचवर चालत नाही.

लिनक्सचे स्वतःचे रिअल-टाइम होणे हाही सबुरीचा वस्तुपाठ आहे. सर्वसाधारण लिनक्स सरासरीने चपळ असतो, पण अमुक मायक्रोसेकंदांच्या आत उत्तर देईनच असा शब्द देत नाही. तो शब्द देता यावा म्हणून २००४च्या सुमारास काही जणांनी प्रीएम्प्ट-आरटी नावाचे ठिगळ शिवायला घेतले. मूळ लिनक्समध्ये त्याचे तुकड्यातुकड्याने विलीनीकरण होत राहिले. शेवटी अडकले ते संदेश छापणाऱ्या ‘प्रिंट-के’ या फंक्शनपाशी; कर्नलला आपण काय करतो आहोत हे सांगण्याची घाई इतकी, की त्यापुढे वेळेचे बंधन त्याला मानवेना. सप्टेंबर २०२४मध्ये अखेरचा प्रस्ताव थॉमस ग्लाइक्सनर यांनी लिनस टोरवाल्ड्स यांना व्हिएन्नातल्या परिषदेत कागदावर छापून भेट म्हणून दिला, आणि नोव्हेंबरमधल्या ६.१२ आवृत्तीत तो लोकांपर्यंत पोहोचला. वेळेवर काम करण्याची हमी यायला वीस वर्षे लागली, यावर सॉफ्टवेअर जगतात कोणाला काही वावगे वाटले नाही.

आवाज करून मोडणारे बदल परवडतात. चाचण्या चालवणाऱ्या स्क्रिप्टा बव्हंशी पायथॉनमध्ये असतात, आणि पायथॉन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी थांबला. पायथॉन ३मध्ये ‘प्रिंट’पुढे कंस सक्तीचे झाले, ते नसले की स्क्रिप्ट पहिल्याच फटक्याला ओरडून थांबते, इंजिनिअर कंस घालतो, प्रश्न मिटतो. भागाकार मात्र निमूटपणे बदलला. पायथॉन २मध्ये ५ भागिले २ केले की उत्तर २ येई, अपूर्णांक गुपचूप गिळला जाई, ३मध्ये २.५ येते. समजा, ब्रेकच्या प्रतिसादाला परवानगी असलेला जास्तीत जास्त विलंब असा भागाकार करून काढलेला आहे. बेंचवर मोजलेला विलंब २.३ आहे. काल ही चाचणी नापास होती, आज पास आहे. ईसीयू तोच, ब्रेक तोच, मॉडेल तेच. अहवालात हिरवी खूण येते, बैठकीत सॉफ्टवेअर गटाने केलेल्या सुधारणेचे कौतुक होते, आणि सॉफ्टवेअर गट ते नम्रपणे स्वीकारतो.

या विषयावरचे अभिजात उदाहरण मात्र मोटारीचे नाही, अग्निबाणाचे आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ने पहिले उड्डाण केले आणि चाळीस सेकंदांच्या आत त्याचे तुकडे झाले. माणूस दगावला नाही. ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह गेले. चौकशी मंडळाने जुलैमध्ये जो अहवाल दिला, तो कम्पॅटिबिलिटीच्या प्रकरणाला परिशिष्ट म्हणून जोडण्याजोगा आहे. अग्निबाणाला स्वतःची दिशा सांगणारी यंत्रणा एरियन ४वरून तशीच उचलली होती. तिथे तिच्याबद्दल तक्रार नव्हती. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा दशांश आकडा ती १६ बिटांच्या पूर्णांकात बसवत असे, आणि त्या जागेत ३२,७६७च्या वर काही मावत नाही. एरियन ४चा आकडा तिथवर जातच नसे. एरियन ५ आडवा अधिक वेगाने सरकला, आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती. पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने ती क्षणभर आधीच बंद पडून मोकळी झाली होती. बंद पडताना यंत्रणेने आपल्या दुखण्याचे निदान पाठवले, ते मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचले, आणि नॉझल पूर्ण वळवले. ज्या हिशोबात हे घडले तो मुळात उड्डाणापूर्वीच्या जुळणीचा होता. एरियन ५ला जमीन सोडल्यावर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. जुन्या एरियनच्या सोयीसाठी तो थोडा वेळ पुढे चालू ठेवलेला होता, तसाच राहिला.

सिम्युलेशन केले नव्हते असे नाही. जमिनीवर आख्खे उड्डाण चालवून पाहण्याची सोय होती आणि ती वापरलीही होती. मात्र त्या बेंचवर दिशादर्शक यंत्रणा खरी नव्हती, तिच्या जागी तिची सॉफ्टवेअरमधली नक्कल होती, कारण खरी यंत्रणा आधीच तपासून पास झालेली होती. अपघातानंतर खरे सॉफ्टवेअर आणि खरा मार्ग घेऊन सिम्युलेशन केले, तेव्हा सगळी घटनामालिका हुबेहूब घडली. सिम्युलेटर निष्णात होता. फक्त त्याला उड्डाणानंतर विचारण्यात आले.

अशा कारणांमुळे सुरक्षेच्या कामात आवृत्ती बदलणे हा हौसेचा मामला राहत नाही. मोटारींच्या कार्यात्मक सुरक्षेचे आयएसओ २६२६२ हे प्रमाण २०११मध्ये आले, २०१८मध्ये सुधारले; त्यात गाडीतल्या सॉफ्टवेअरबरोबर ते तपासणाऱ्या साधनावर कितपत विश्वास ठेवावा याचाही हिशोब मांडावा लागतो. हा विश्वास आवृत्तीगणिक असतो. आवृत्ती बदलली की तो पुन्हा कमवावा लागतो, आणि त्याला लागणारे कागद कोणी हौसेने करत नाही. परिणामी प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला एक दिवस ठरवून आवृत्ती गोठवली जाते. गोठवण्याच्या बैठकीत सर्वांत नवी आवृत्ती नको, कारण ती कच्ची. सर्वांत जुनी नको, कारण तिचा आधार संपत आला. म्हणून मधली घेतात. प्रकल्प संपेपर्यंत ती सर्वांत जुनी झालेली असते.

गोठवलेल्या आवृत्तीचा पहिला शत्रू नवी आवृत्ती नव्हे, आयटी विभाग. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि प्रत्येक वेळी प्रयोगशाळेला एक कडक ईमेल आले. नव्या विंडोजवर जुने टूल बसत नाही आणि जुन्या विंडोजला कंपनीच्या नेटवर्कवर थारा नाही. तडजोड म्हणून बेंचच्या पीसीची नेटवर्कची वायर काढून टाकतात, त्यावर ‘अपडेट करू नये’ असा कागद चिकटवतात, आणि चाचणीचे निकाल पेन ड्राइव्हने बाहेर नेतात. पेन ड्राइव्ह तर आयटी विभागानेच बंद केलेले असतात, म्हणून त्यासाठी निराळी परवानगी लागते.

प्रकल्प संपला तरी बेंच मोडता येत नाही, कारण गाडी रस्त्यावर असेतो तिच्या ईसीयूत दुरुस्ती करावी लागू शकते. मग सर्व काही व्हर्च्युअल मशिनमध्ये जपून ठेवतात: ती ऑपरेटिंग सिस्टिम, तो कंपायलर, ती मॉडेले, त्या नारिंगी सूचनांसह. काही वर्षांनी ते उघडले तर सगळे जागच्या जागी सापडते. लायसन्सची मुदत तेवढी संपलेली असते. ती वाढवून घेण्याचा अर्ज कंपनीच्या पोर्टलवर करावा लागतो, आणि ते पोर्टल या मशिनमधल्या ब्राउझरमध्ये उघडत नाही.